पश्चिमेच्या भिंतीवर काँक्रीटचे पॅनल लावावेत की झाडे?

वाचकाचे पत्र

आमच्या संस्थेच्या ग्रंथालयाची चार मजली इमारत आहे. तिची पश्चिमेची भिंत सुमारे 12 मीटर रुंद आणि 13 मीटर उंच असून तिला खिडक्या फारच थोड्या आहेत. बाहेरच्या गिलाव्याला तडे गेले आहेत, पाऊस झाला की आतल्या बाजूला पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर ओल दिसते आणि उन्हाच्या दिवसांत दुपारनंतर त्या बाजूला बसवत नाही. आमच्या वास्तुविशारदांनी काचतंतू घातलेल्या काँक्रीटचे पातळ पॅनल बाहेरून लावण्याचा सल्ला दिला आहे. कार्यकारिणीतील काही सदस्यांचा मात्र संपूर्ण भिंत झाडांनी मढवावी असा आग्रह आहे. टिकाऊपणा, उष्णता, देखभाल आणि पर्यावरण या सर्व बाजूंनी पाहता आम्ही काय करावे? — एक विश्वस्त

उत्तर

आपले पत्र मिळाले. आपल्या कार्यकारिणीत या विषयावर दोन तट पडलेले दिसतात, पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि तिच्यापासूनच सुरुवात करणे मला आवश्यक वाटते. ओल बाहेरून झाकली म्हणजे ती थांबली, असे होत नाही. आपल्या भिंतीत येणारे पाणी गिलाव्याच्या तड्यांतून येत असेल, तर बाहेर पोकळी ठेवून लावलेले कोणतेही आवरण पावसाचा थेट मारा अडवील आणि भिंतीला सुकायला वाव देईल. तेच पाणी गच्चीच्या कठड्यातून, एखाद्या फुटलेल्या सांडपाण्याच्या नळातून किंवा खिडकीच्या चौकटीभोवतून उतरत असेल, तर पॅनल आणि झाडे या दोहोंमागे ते तसेच उतरत राहील, फक्त आता ते कोणाला दिसणार नाही. ओल पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर आहे, सर्वांत वरच्या मजल्यावर नाही, यावरून कठड्यापेक्षा तड्यांवर किंवा नळावर माझा संशय अधिक जातो. तरीही तो केवळ संशयच आहे. आवरणाचा निर्णय होण्यापूर्वी त्या मजल्यांवरील ओलीच्या कडा पेन्सिलने आखून शेजारी तारीख लिहावी आणि दोन-तीन पावसांनंतर पुन्हा पाहावे. पाऊस नसतानाही ओल कडेबाहेर सरकत असेल, तर प्रथम नळ तपासावेत.

आता वजनाचा हिशेब. आपली भिंत सुमारे 156 चौरस मीटरची आहे. जाड, सळई घातलेले काँक्रीटचे तयार पॅनल 120 मिलिमीटर जाडीचे धरले, तर चौरस मीटरला 290 किलोच्या आसपास वजन होते, म्हणजे संपूर्ण भिंतीवर सुमारे 45 टन. जुन्या इमारतीच्या बीमवर आणि कॉलमवर हा भार नव्याने टाकण्याचा विचारही करू नये. आपल्या वास्तुविशारदांनी पातळ पॅनल सुचवले ते याच कारणाने, आणि ते योग्यच आहे. काचतंतूच्या काँक्रीटचा पापुद्रा 10 ते 15 मिलिमीटरचा असतो. मागच्या आधाराच्या पट्ट्या आणि लोखंडी चौकट धरूनही चौरस मीटरला साधारण 40 ते 50 किलो भरतात, म्हणजे सगळे मिळून सहा ते आठ टन. हिरव्या भिंतीचे वजन तिच्या प्रकारावर अवलंबून असते. नमद्यासारख्या कापडावर वाढवलेली भिंत चौरस मीटरला 30 किलोच्या आसपास राहू शकते, तर माती किंवा तत्सम माध्यम भरलेल्या खोक्यांची भिंत पाणी प्यायल्यावर 100 किलोपर्यंत जाते. म्हणून कोणी वजनाचा आकडा सांगितला, तर तो कोरड्या खोक्याचा आहे की भिजलेल्या, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. शिवाय हा भार विटांच्या भिंतीवर न टाकता मजल्यांच्या काँक्रीटच्या बीमवर न्यावा लागतो, हे दोन्ही पर्यायांना सारखेच लागू आहे.

पॅनलबद्दल थोडे तपशिलात लिहितो, कारण 'सिमेंट म्हणजे लावले आणि विसरले' असा समज सर्वत्र आढळतो. साधी काच सिमेंटमधल्या अल्कलीने कुरतडली जाते. यासाठी झिर्कोनिया (झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड) मिसळलेल्या काचेचे तंतू वापरावे लागतात. ते तयार करण्याचे काम 1960 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये झाले आणि त्यानंतर हे तंत्र जगभर पसरले. अझरबैजानमधील बाकू येथील झाहा हदीद यांच्या आराखड्याची, 2012 साली खुली झालेली, लाटांसारखी वळणे घेणारी हैदर अलियेव केंद्राची इमारत अंशतः याच जातीच्या पॅनलांनी मढवलेली आहे. आपल्या निविदेत 'अल्कलीरोधक काचतंतू' हे शब्द आहेत का, हे आधी पाहावे. नुसते 'फायबर काँक्रीट' असे लिहिले असेल, तर त्याखाली काहीही खपू शकते.

पॅनल बिघडते ते बहुधा मध्यावर नव्हे, कडेला. काँक्रीट उन्हात प्रसरण पावते. तीन मीटर लांबीचे पॅनल 40 अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढते, आणि पातळ काचतंतूचे काँक्रीट ओले-सुके होतानाही आणखी काही मिलिमीटर हलते. पश्चिमेच्या भिंतीवर हे रोज घडते: सकाळी सावली, दुपारी भाजणारे ऊन, मध्येच एखादी सर. म्हणून पॅनल एका ठिकाणी पक्के आणि इतर ठिकाणी सरकू शकेल अशा लांबट भोकांत बसवलेले असावे लागते. कारागिराने सगळेच बोल्ट जोर लावून आवळले, तर पॅनलला हलायला जागा उरत नाही आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षातच बोल्टच्या कोपऱ्यातून केसासारखा तडा निघतो. बोल्ट आणि ब्रॅकेट गंजरोधक पोलादाचेच असावेत. आत काय गंजते आहे हे बाहेरून दिसत नाही आणि दिसू लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

मी पाहणी केलेल्या एका कार्यालयाच्या इमारतीत पॅनल उत्तम होते, बसवणीही चोख होती, तरीही चौथ्या वर्षी आत पाणी आले. परांचीवर चढून खालच्या ओळीच्या पॅनलच्या कडेवरून बोट फिरवले, तेव्हा दर मीटरभर अंतरावर सीलंटचा, म्हणजे सांधे बुजवण्याच्या रबरासारख्या लुकणाचा, एक छोटा, गुळगुळीत गोळा हाताला लागत होता. ती पोकळीतले पाणी बाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली भोके होती. रंगकाम करणाऱ्यांनी ती 'राहून गेलेली भोके' समजून काळजीने, एकही न सोडता, बुजवली होती. एक गोळा चाकूने कापून काढला आणि अर्धा तांब्याभर तपकिरी पाणी माझ्या मनगटावरून खाली गेले. त्या माणसांनी कामचुकारपणा केला नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून पॅनल लावायचे ठरल्यास मागे किमान 40 ते 50 मिलिमीटरची, हवा खेळती राहील अशी पोकळी, खाली आणि वर हवेसाठी जाळी लावलेली फट, आणि ही भोके कोणी बुजवू नयेत अशी सूचना देखभालीच्या वहीच्या पहिल्याच पानावर असावी.

सांध्यांतील सीलंट 15 ते 20 वर्षांत बदलावे लागते, पश्चिमेच्या उन्हात कधीकधी त्याआधीही. अंगठ्याने दाबून पाहिल्यास चांगले सीलंट दबते आणि पुन्हा वर येते. कडक झालेले किंवा कडेपासून सुटलेले असेल, तर त्याचे दिवस भरले. पहिल्या एक-दोन पावसांत पृष्ठभागावर पांढरा लोणा दिसला, तर घाबरू नये. तो बहुधा सिमेंटमधला चुना असतो आणि हळूहळू धुऊन जातो. परंतु तो अॅसिडने घासण्याची परवानगी कोणालाही देऊ नये. खिडक्यांच्या खाली काळे ओघळ पडतात, ते टाळण्यासाठी प्रत्येक खिडकीच्या तळाच्या पट्टीला पुढे आलेली कड आणि तिच्या खालच्या बाजूस पाणी ठिबकून पडेल अशी खाच हवी. एवढी काळजी घेतल्यास हे आवरण अनेक दशके टिकते, आणि देखभाल म्हणजे काही वर्षांतून एकदा धुणे आणि तपासणी, एवढीच राहते.

आता झाडांकडे येतो. आपल्या सदस्यांची ओढ मला मनापासून पटते आणि त्यांची बाजू दुबळी नाही. 'हिरवी भिंत' या एका नावाखाली मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात आणि सभेत त्यांची सरमिसळ झालेली दिसते. पहिली म्हणजे जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मुळे असलेली वेल, जी भिंतीला चिकटून किंवा भिंतीपासून दूर ताणलेल्या तारांवर चढते. दुसरी म्हणजे भिंतीवरच मुळे असलेली, कापडाच्या खिशांत किंवा खोक्यांत लावलेली रोपे, ज्यांना पाणी आणि खत नळ्यांतून द्यावे लागते. या दुसऱ्या प्रकारची कल्पना अमेरिकेतील स्टॅन्ली हार्ट व्हाइट यांनी 1938 साली पेटंटच्या रूपाने मांडली आणि फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लां यांनी ती जगभर नेली. पॅरिसमधील 2006 साली खुल्या झालेल्या के ब्रान्ली संग्रहालयाची त्यांनी केलेली सुमारे 800 चौरस मीटरची भिंत अनेकांनी छायाचित्रांत पाहिली असेल. आपल्या सदस्यांच्या मनात बहुधा तेच चित्र आहे.

त्या चित्रामागचे यंत्र मात्र छायाचित्रात येत नाही. भिंतीवर धातूची चौकट, तिच्यावर पाणी न शिरणारा फलक, त्यावर कापडाचे थर, वरून ठिबक नळी, खाली पाणी गोळा करणारी पन्हळ, टाकी, पंप, गाळणी, खत मिसळणारे उपकरण आणि हे सर्व चालवणारा टायमर. पाण्याची गरज हवामानाप्रमाणे बदलते, तरी चौरस मीटरला दिवसाला 2 ते 5 लिटर हा नेहमीचा अंदाज आहे, म्हणजे आपल्या भिंतीला रोज 300 ते 800 लिटर, आणि भर उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. जमिनीतल्या झाडाला दोन-चार दिवस पाणी मिळाले नाही, तर ते तग धरते, कारण त्याच्या मुळांना शोधायला खोल जागा असते. काही मिलिमीटर जाडीच्या कापडात वाढणाऱ्या रोपाला तशी सवड नसते. पंप बंद पडला आणि ऊन कडक असले, तर एक-दोन दिवसांत भिंत हातची जाते. लंडनमध्ये एका बालकेंद्राची अशीच गाजावाजा झालेली भिंत उभारणीनंतर अवघ्या तीनएक वर्षांत, 2009 साली, पूर्ण वाळून गेली होती.

अशी एक मेलेली भिंत मी स्वतः उकलून पाहिली आहे. खालच्या तीन ओळी हिरव्या होत्या, वरच्या चार करड्या. वरच्या खिशातले एक रोप ओढले, ते मुळांसकट कागदासारखे हलके बाहेर आले. कापडावर मिठासारखी पांढरी खरखरीत साय बसली होती आणि ठिबक नळीच्या दर दुसऱ्या तोंडावर तिचाच खडा अडकलेला होता. पाणी जड, म्हणजे क्षारांचे होते, गाळणी सहा महिने कोणी उघडली नव्हती आणि नळीत जे काही पाणी येत होते ते ओघळून खाली साचत असल्याने खालची रोपे जगली होती. टायमरवरचा दिवा मात्र रोज वेळेवर लागत होता, त्यामुळे खालून पाहणाऱ्या पहारेकऱ्याला सर्व काही ठीक असल्याचे वाटत राहिले. बांधकाम करणाऱ्या कंपनीशी झालेला देखभालीचा करार पहिल्या वर्षानंतर नूतनीकरण न झाल्याने संपला होता, एवढेच त्या भिंतीच्या मृत्यूचे कारण.

झाडे जगली, तर ती काय देतात हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण इथे पॅनल त्यांची बरोबरी करू शकत नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.68 युनिट विजेइतकी उष्णता ओढली जाते. पाने ही उष्णता भिंतीच्या पुढ्यातच वापरून टाकतात आणि वर सावलीही देतात. भरगच्च पानांमागची भिंत उघड्या भिंतीपेक्षा दुपारी ठळकपणे थंड राहते, समोरच्या रस्त्यावर किंवा अंगणात उष्णता परत फेकली जात नाही, आवाजाचा घुमारा कमी होतो, आणि पक्षी व कीटक यांना आसरा मिळतो. पॅनलमागच्या पोकळीतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून तेही भिंतीला उन्हापासून वाचवते, आणि मागे उष्णतारोधक थर घातल्यास खोलीतली दुपार नक्कीच सुसह्य होते. पण पॅनल स्वतः तापते आणि ती उष्णता संध्याकाळी बाहेर सोडत राहते. ग्रंथालयाच्या समोर लोक बसत असतील, तर त्यांना हा फरक अंगावर जाणवेल.

पर्यावरणाच्या हिशेबात 'सिमेंट वाईट, झाड चांगले' एवढ्यावर थांबता येत नाही. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे 7 ते 8 टक्के आहे, हे खरे. परंतु कापडाच्या आणि खोक्यांच्या भिंतीतही धातू आणि प्लॅस्टिक भरपूर असते, कापड दहाएक वर्षांत बदलावे लागते, आणि पंपाची वीज व नळाचे पाणी रोज खर्च होते. डेल्फ्ट आणि जेनोआ येथील संशोधकांनी 2011 साली अशा भिंतींच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब मांडला, तेव्हा जमिनीतून चढणाऱ्या साध्या वेलीचा बोजा सर्वांत कमी आणि कापडाच्या थरांच्या भिंतीचा सर्वांत अधिक आढळला. माझ्या मते आपल्या सभेतील वाद सोडवणारी माहिती हीच आहे, कारण ती झाडांच्या विरोधात जात नाही. झाड कुठे मूळ धरणार, एवढाच प्रश्न ती पुढे आणते.

आगीबाबत थोडक्यात लिहितो, पण हा मुद्दा हलका मानू नये. काँक्रीट जळत नाही. मात्र त्यामागचा उष्णतारोधक थर जळणारा असेल, तर पोकळी धुराड्यासारखी वागते. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये बाहेरच्या जळणाऱ्या आवरणामुळे आग वर चढली आणि 72 माणसांचा जीव गेला, हे विसरता येणार नाही. म्हणून मागचा थर खनिज लोकरीसारखा न जळणारा असावा आणि प्रत्येक मजल्याच्या पातळीवर पोकळीत आग अडवणारी पट्टी असावी. हिरव्या भिंतीत ओली पाने सहसा पेट घेत नाहीत, परंतु वाळलेली पाने, कापड आणि प्लॅस्टिकची खोकी घेतात. ग्रंथालयाच्या भिंतीवर न निगा राखलेली, वाळलेली हिरवी भिंत ही मला मान्य होणारी गोष्ट नाही.

खर्चाची तुलना करताना केवळ उभारणीचे आकडे शेजारी ठेवू नयेत. दोन्ही निविदा देणाऱ्यांकडून 20 वर्षांचा हिशेब मागावा: पॅनलच्या बाजूला धुणे, तपासणी आणि एकदा सीलंट बदलणे, आणि झाडांच्या बाजूला वर्षातून अनेकदा छाटणी, मेलेल्या रोपांची भरपाई, पंप, पाणी, वीज, कापड बदलणे आणि प्रत्येक वेळी 13 मीटरवर माणूस चढवण्याची सोय. हा शेवटचा आकडा निविदेत बहुधा नसतो आणि तोच सर्वांत मोठा ठरतो. आपल्या संस्थेकडे या कामासाठी कायमचा माणूस आणि दरवर्षी मंजूर होणारी रक्कम आहे का, याचे उत्तर आपल्याकडेच आहे. पत्रावरून मला तसे दिसले नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. ओलीचे मूळ शोधून दुरुस्ती झाल्यावर, पहिल्या मजल्याच्या पातळीपासून वर काचतंतूच्या काँक्रीटचे पॅनल, मागे पोकळी आणि न जळणारा उष्णतारोधक थर घालून लावावेत. रंग शक्यतो फिकट घ्यावा, म्हणजे उन्हाचा बराच भाग परत जाईल. तळमजल्याच्या उंचीवर, जिथे साध्या शिडीवरून हात पोहोचतो तिथे, भिंतीपासून दीड-दोन वीत अंतरावर गंजरोधक पोलादी तारा ताणून जमिनीतून वेली चढवाव्यात. जागा असेल, तर काही तारा वर दुसऱ्या मजल्यापर्यंत न्याव्यात. भिंतीला मुळांनी चिकटणाऱ्या वेली पॅनलच्या सांध्यांत शिरतात, त्या इथे नकोत. वळसे घेऊन चढणारीच जात निवडावी. वेलीला भिंत झाकायला तीन ते पाच वर्षे लागतात, हे आग्रही सदस्यांना आधीच सांगावे, नाहीतर दुसऱ्या वर्षी पुन्हा हाच विषय सभेत येईल. भिंतीच्या पुढे जमीन मोकळी असल्यास चार-पाच मीटरवर दोन-तीन सावलीची झाडेही लावावीत. पश्चिमेच्या उन्हाला खालच्या दोन मजल्यांवर त्यांच्याइतके चांगले उत्तर नाही, आणि त्यांना पंप लागत नाही.

आपल्या सदस्यांना कापडावरची भिंत हवीच असेल, तर ती नाकारू नये, लहान करावी. प्रवेशद्वाराजवळ, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी, सहा ते आठ चौरस मीटरची एक भिंत उभारावी, गाळणी दर महिन्याला उघडण्याची जबाबदारी एका नावावर टाकावी आणि दोन उन्हाळे जाऊ द्यावेत. ती जगली, तर पुढे वाढवता येईल.

पॅनलची मागणी नोंदवताना मिश्रणाच्या त्याच खेपेतून काढलेले तीन-चार जादा पॅनल घेऊन कोरड्या जागी, उभे, मागे टेकू देऊन ठेवावेत. काही वर्षांनी एखादे फुटले, तर त्याच रंगछटेचे पॅनल नव्याने बनवून मिळणे फार कठीण असते.